शेपटीची अक्षरं

आधीच माफी मागते. माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि अक्षर तर असं आहे की वाणी माझी यादी मलाच परत देतो. म्हणतो, "मावशी, तुम्हीच वाचा, मी बांधतो." ही वही मी कुणाला दाखवणार नाही, मग माफी कुणाची मागते? कुणाचीच नाही. चौथीपर्यंत शाळेत होते. तिथे गुरुजींनी वही उघडायच्या आत माफी मागितली की एक छडी कमी बसायची. शाळा सुटली, सवय सुटली नाही.

पेन धरलं की माझी बोटं आखडतात. ब्रश धरला की सुटतात. असं का होतं ते मला ठाऊक नाही. ज्या बाईला सहीला दोन मिनिटं लागतात, तिच्या अक्षरांवर वाशीतली आणि आसपासच्या गावांतली बरीच लग्नं लागली, एवढं मात्र खरं.

लग्न होऊन कोकणातून वाशीला आले तेव्हा सेक्टरांत इमारती कमी आणि चिखल जास्त होता. गावाकडे पत्ता सांगताना लोक "खाडीच्या पुलापलीकडे" असं म्हणायचे, जसं काही आम्ही परदेशात राहतो. आमचं एका खोलीचं घर सरकारी हप्त्यांवर घेतलेलं. आमचे हे ठाणे-बेलापूर रोडच्या एका कंपनीत पिंपांवर नंबर टाकायचे आणि संध्याकाळी दारासमोरच्या ओट्यावर बोर्ड रंगवायचे. त्यांची अक्षरं पोलिसांसारखी. ताठ, रुंद, एका रांगेत. "येथे थुंकू नये" असं यांनी लिहिलं की लोक खरंच थुंकायचे नाहीत. पण "सुस्वागतम" लिहिलं तरी लोक दारात घुटमळायचे.

मी फक्त रंग भरायची. एप्रिलमध्ये जयंतीचे कापडी बॅनर असायचे. हे अक्षरांच्या कडा आखून द्यायचे, मी आत निळा रंग भरायची. एका वर्षी हे जयंतीच्या कमिटीवर गेले. मिरवणुकीत बँड कुठला आणायचा यावर त्यांची भांडणं इतकी लांबली की बॅनर तसेच कोरे राहिले. मी वाट बघून कंटाळले. कापड भिंतीला ठोकलेलं होतं, रंगात टर्पेंटाइन जास्त पडून तो पातळ झालेला. पातळ रंग थांबत नाही, म्हणून मीही थांबले नाही. ब्रश दाबला की अक्षराचं पोट जाड व्हायचं, उचलला की निमुळती शेपटी निघायची. वरची रेघ मी सगळ्यात शेवटी मारली, एका दमात, लाटेसारखी.

हे आले आणि बघतच राहिले.

"अगं, हे काय काढलंस? अक्षरांना शेपट्या फुटल्यात!"

"पुसू का?"

"आता काय पुसतेस? उद्या मिरवणूक आहे. कोणी विचारलं तर सांग, पोराने काढलं."

आम्हाला तेव्हा पोर नव्हतं. पण मिरवणुकीत लोकांना तो बॅनर आवडला. तिथल्या तिथे एका ब्यूटी पार्लरवालीने तसला बोर्ड मागितला. तेव्हा हे छाती पुढे काढून म्हणाले, "ही माझी खास स्टाईल आहे. पण मूड लागावा लागतो."

तेव्हापासून मूड मला लागायचा आणि पैसे यांना मिळायचे. साडीचं दुकान, आइस्क्रीमचं दुकान, शिवणक्लास. जिथे बायकांना आत बोलवायचं असेल तिथे शेपटीची अक्षरं, जिथे लोकांना बाहेर ठेवायचं असेल तिथे यांची. गिऱ्हाईक आलं की मी पडद्यामागे. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यामुळे ही वाटणी मला सोयीचीच होती. हे गिऱ्हाइकाला कपाळाला हात लावून सांगायचे, "आज मूड नाही, परवा या." आतून मी ऐकायची आणि भाकरी थापत राहायची. मूड भाकरी थापत होता, एवढंच.

लपवाछपवी बोनकोडे गावात संपली. तिथल्या लोकांना तेव्हा जमिनीचे पैसे मिळाले होते, घरांवर मजले चढत होते आणि लग्न असलं की दारासमोरची भिंत रंगवून घ्यायची पद्धत होती. दोन बाजूंना भालदार, मधे नवरा-नवरीची नावं, खाली शुभविवाह. भिंत काही पडद्यामागे नेता येत नाही, म्हणून मला जावं लागलं. भालदार यांनी काढले. तेही पोलिसांसारखेच दिसत होते. मग हे पुरुषांत चहा घेत बसले आणि मी पदर खोचून शिडीवर चढले. नवऱ्या मुलाची आजी ओटीवर बसून बघत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं,

"काय गो बाय, तूच लिवतंस?"

मी मान हलवली.

"मंग तो कनाला हाय?"

"शिडी धरायला."

"शिडी तं भितीला टेकलेली हाय," आजी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की आतून सुना बाहेर आल्या. परक्या माणसाला मी इतक्या पटकन उत्तर कधी दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की लिवनारी बाई आहे, बुवा नाही. यांनी घरी येताना वाटेत फक्त एवढंच म्हटलं, "आपली स्टाईल आहे असं म्हणायचं आता." "माझी"वरून "आपली"पर्यंत यायला त्यांना बोनकोडे ते वाशी एवढा रस्ता पुरला, ही मोठीच गोष्ट.

त्या लग्नाला वाशीतल्या एका छापखान्याचे मालक जेवायला आले होते. पत्रिका त्यांनीच छापलेल्या. भिंत बघून ते दुसऱ्या दिवशी आमच्या घरी हजर. लोखंडी खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, असली अक्षरं पत्रिकेवर कुणाकडे नाहीत. सगळे तेच ते शिशाच्या अक्षरांचे खिळे वापरतात. तुम्ही मला पूर्ण मुळाक्षरं काढून द्या, काना-मात्रा-वेलांट्यांसकट. मी प्रत्येकाचा ब्लॉक करून घेतो. मग कुणाचंही लग्न असो, आमचा माणूस ब्लॉक जुळवणार, नाव तयार. एकदा काढलं की जन्मभर चालेल."

मी पडद्यामागून ऐकत होते. हे म्हणाले, "किती द्याल शेठ?"

"दीड हजार ॲडव्हान्स. ब्लॉकचा खर्च माझा. पत्रिका चालल्या की पुढे आणखी देतो. नाही चालल्या तर ॲडव्हान्स परत. आताच बोललेलं बरं."

"न चालायला काय झालं?" हे म्हणाले आणि नोटा खिशात घातल्या.

त्या नोटा आमच्या खिशात एक रात्र राहिल्या. घराचे हप्ते थकले होते आणि दारावर नोटीस चिकटवलेली होती. सगळी वसाहत येता-जाता ती वाचायची. शेजारीण तर मोठ्याने वाचायची, तिला वाचता येतं हे कळावं म्हणून. सकाळी हे ऑफिसच्या खिडकीवर पैसे भरून आले, नोटीस हळूच सोलून काढली आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी ब्रश झटकायला लागले. म्हणजे घर वाचलं होतं, पण ते आता माझ्या अक्षरांवर उभं होतं. ती चालली नाहीत तर दीड हजार परत आणायचे कुठून, हे विचारायला मी तोंड उघडलं की हे म्हणायचे, "तू काढ गं."

मी काढली. ड्रॉइंगच्या कागदावर, काळ्या शाईने, एका कागदावर एक अक्षर, शाळेच्या अंकलिपीत असतं तसं. स्टोव्ह विझला की पाट मांडून बसायची. इतकं सुख मला लग्नात झालं नव्हतं. कागदावर एकच अक्षर आणि बाजूला मोकळी जागा, मग हात आखडता का घ्यायचा? "क"ला मी अशी शेपटी दिली की कागद संपला म्हणून थांबली. "र" नाचता काढला. "ल"चं पोट गरोदर बाईसारखं झालं, तेवढं एक यांनी परत काढायला लावलं. "ळ" तर मलाच इतका आवडला की मी तो दोनदा काढला. "ङ" आला तेव्हा हे म्हणाले, "हा कुणाच्या नावात असतो?" आम्ही दोघांनी खूप आठवलं, आमच्या नात्यात कुणी सापडला नाही. तरी मी तोही नटवला. बिचाऱ्याला बोलावणं येत नाही म्हणून काय कपडेही करू नयेत?

छापखान्याच्या मालकांनी कागद बघून "वा, वा" केलं. ब्लॉक झाले. आणि पहिलंच काम आलं ते त्याच बोनकोड्याच्या घरचं. आजीच्या धाकट्या नातवाचं लग्न.

मग एक दिवस मालकांचा निरोप आला, दोघांनी ताबडतोब या.

छापखान्यात खिळे जुळवणारे एक म्हातारे मामा होते. तोंडात तंबाखू, नाकावर चष्मा. त्यांनी प्रूफ माझ्यासमोर ठेवलं. मी बघितलं. नवऱ्याचं नाव चारच अक्षरांचं, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेलं. एक अक्षर इथे, एक तिथे, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा. वरची रेघ तुकड्या-तुकड्याची. नवरीचं नाव लांब, ते अर्धं एका ओळीत आणि अर्धं खालच्या ओळीत पडलेलं.

"असं कसं झालं मामा?" मी विचारलं. आवाज फुटला तोच खूप.

मामांनी एक ब्लॉक माझ्या तळहातावर ठेवला. माझा "क". लाकडाचा चौकोनी ठोकळा, त्यावर अक्षर आणि अक्षराची लांबलचक शेपटी. "पोरी, हा ठोकळा शेपटी संपेल तिथे संपतो. शेजारचं अक्षर त्याच्या पुढे उभं राहणार. ठोकळ्यावर ठोकळा चढत नाही. तू भिंतीवर काढतेस तेव्हा काय करतेस?"

भिंतीवर मी शेजारचं अक्षर बघून शेपटी सोडते. पुढे काना असला की शेपटी खालून नेते, पुढे मोकळं असलं की लांबवते, कुठे तर दोघांना मिळून एकच पुरवते. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, कारण याआधी कुणी विचारलंच नव्हतं. कागदावर मात्र मी प्रत्येकाला एकटं बसवून नटवलं होतं.

"सगळेच नवरदेव काढलेस तू," मामा तंबाखू थुंकून आले आणि म्हणाले. "वऱ्हाडात चालायला कुणी तयार नाही. मी दोघांच्या शेपट्या कानशीने घासून बघितल्या. मग ते विधुर दिसायला लागले."

हे पुढे सरसावले. "शेठ, दोष मशीनचा आहे."

"मशीन बंद आहे. हे हाताने उमटवलंय," मालक म्हणाले.

"मग शाईचा."

"अहो, गप्प बसा," मी म्हणाले. चारचौघांत मी यांना असं पहिल्यांदाच म्हटलं. हे इतके चकित झाले की खरंच गप्प बसले.

तेवढ्यात बोनकोड्याची मंडळी प्रूफ बघायला आली, बरोबर आजी. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्या काय हाय गो? नाव हाय का वलनीवर बोंबील घातलान सुकाला?"

सगळे हसले. मामा सगळ्यात जास्त. मला वाटलं जमीन फाटावी, पण वाशीची जमीन भराव घालून केलेली, ती काय फाटणार, फार तर खचते. मालक मात्र हसले नाहीत. ते यांच्याकडे बघून म्हणाले, "ब्लॉकचे पैसे माझे गेले, ते मी धरत नाही. पण ठरल्याप्रमाणे ॲडव्हान्स परत. दीड हजार. महिनाअखेर."

आमच्याकडे दीड हजार नव्हते, दीडशेही नव्हते. दारावर पुन्हा नोटीस लागलेली आणि शेजारीण ती मोठ्याने वाचतेय, असं मला तिथे उभ्या-उभ्या दिसलं. मी मामांकडे कागद मागितला. ब्रश यांच्या शर्टाच्या खिशात असायचाच. शाई मामांची. टेबलावर मान खाली घालून मी दोन्ही नावं काढली, एकसंध, शेजारी बघून शेपटी सोडत, आणि शेवटी दोन्हींवरून एकच रेघ नेली. लाट आपोआप आली.

"याचा एकच ब्लॉक करा," मी टेबलाकडे बघत म्हणाले. "नावाचा. अक्षराचा नको."

"आणि पुढच्या लग्नाला?" मालकांनी विचारलं.

"पुढच्या लग्नाला परत काढीन."

आजीने कागद उचलला. "आता कसा, हात धरून उभी हायती दोघा," ती म्हणाली. मालकांनी आजीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं आणि मनात हिशोब केला. ठरलं असं की मी प्रत्येक पत्रिकेसाठी नावांची जोडी काढून द्यायची. जोडीमागे तीस रुपये, त्यातले पंधरा माझ्या हातात, पंधरा ॲडव्हान्समध्ये वळते. मला तीस कमी वाटले. पण मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "दराचं आपण ॲडव्हान्स फिटल्यावर बोलू वहिनी." पुढची काही वर्षं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्यासाठी तोच मंत्र झाला. पैसे फिटेपर्यंत दर त्यांचा. फिटल्यावर माझा.

लग्नसराईत मला छापखान्यात बसावं लागायचं, कारण लोकांना नाव डोळ्यांदेखत काढून हवं असायचं. पडदा नाही, काही नाही. सुरुवातीला मी भिंतीकडे तोंड करून बसायची. मग कळलं की माझ्याकडे कुणी बघतच नाही. लग्न ठरलेल्या घरात लोक फक्त एकमेकांकडे बघतात, तेही डोळे वटारून.

"आमच्या मुलाचं नाव जरा मोठं काढा," मुलाची आई.

"का? आमची मुलगी काय लहान आहे?" मुलीची आई.

"लहान नाही हो, पण रीत असते."

"रीत कुठे लिहिलीय? बाई, तुम्ही सांगा."

बाई काही सांगत नसे. बाई दोन्ही नावं सारखी काढायची आणि मुलाच्या नावाची शेपटी जरा लांब सोडायची. मुलाच्या आईला तेवढ्यात समाधान. मुलीच्या आईला मी हळूच दाखवायची की ती शेपटी तुमच्या मुलीच्या नावाखालून जाते, म्हणजे तो खाली आहे. दोघी खूश होऊन चहा मागवायच्या. "आहेर आणू नये" ही ओळ मात्र सगळ्यांनाच बारीक हवी असायची, दिसेल न दिसेल अशी. ती मी कधी काढली नाही. ती मामा सगळ्यात लहान खिळ्यांत जुळवायचे.

आमच्या लोकांच्या पत्रिका आल्या की त्यावर गणपती नसायचा. मामा सवयीने गणपतीचा ब्लॉक उचलायचे, मी खोकायची, ते मुकाट्याने ठेवून बुद्धाचा उचलायचे. एकदा मी खोकले नाही, मला खरंच लक्षात आलं नाही, आणि गणपती छापून गेला. मुलाचे वडील चिडून आले. मालक म्हणाले, "पुन्हा छापून देतो." मामा त्यांच्यामागे पुटपुटले, "दोघेही बसलेलेच आहेत, एवढं काय." पण ते त्यांनी त्या वडलांना ऐकू जाईल असं म्हटलं नाही, शहाणे होते.

पंधरा-पंधराने ॲडव्हान्स मुंगीच्या पावलाने फिटत होता. लग्नसराई संपली की तेही बंद. तेव्हा कळंबोलीचा एक ट्रकमालक आला. त्याच्या मुलीच्या पत्रिकेवरचं नाव त्याला इतकं आवडलं की नव्या ट्रकच्या कपाळावर तेच हवं म्हणाला. तिथल्या लोखंडाच्या बाजारात, ट्रकांच्या रांगेत, बाईमाणूस म्हणून मी एकटीच. हे बरोबर आले आणि या वेळी शिडी खरंच धरून उभे राहिले, कारण तिथे टेकायला भिंत नव्हती. खाली क्लीनर, ड्रायव्हर जमले.

"ओ ताई, माझ्या गाडीवर पण काढा ना."

"काय काढू?"

"काय पण. मस्त शेपटीवालं."

त्या दिवशी तीन ट्रक झाले. हे रस्ताभर म्हणत होते की या पैशांत एक जुनी स्कूटर येईल. वाशीला उतरल्यावर मी थेट छापखान्याकडे चालायला लागले. हे मागून "अगं, अगं" करत आले. ट्रकांनी ॲडव्हान्सचा मोठा लचका तोडला. त्यानंतर कळंबोलीहून बोलावणी येत राहिली. ट्रकवाले नाव काढून होईपर्यंत खुर्ची देतात, चहा देतात आणि रोख देतात. पत्रिकावाल्यांपेक्षा माणसं बरी.

शेवटची रक्कम द्यायला मी एकटी गेले. हे येतो म्हणत होते, मी नको म्हटलं. दुपारची वेळ, मामा स्टुलावर पेंगत होते. मी नोटा टेबलावर ठेवल्या. मालकांनी मोजल्या, त्यातली पन्नासची नोट उचलली आणि माझ्याकडे सरकवली.

"हे राहू द्या वहिनी. आता आपल्यात काय. फिटलं समजा."

"नको," मी म्हणाले.

"अहो, घ्या. घरच्यासारख्या तुम्ही."

"पन्नास सोडलेत की पुढच्या दराच्या वेळी आठवण काढाल."

पेंगणाऱ्या मामांचा एक डोळा उघडला. मालकांचे कान लाल झाले, पण माझे नक्कीच जास्त झाले असतील. मी टेबलाकडेच बघत होते. ती नोट मी परत त्यांच्या बाजूला सरकवली आणि बोट तिच्यावरच ठेवलं. त्यांनी ती ओढून घेतली, बाकीच्या नोटांत ठेवली, गल्ला उघडला आणि बंद केला.

"मिळाले," ते म्हणाले. "पूर्ण."